पाचशे वर्षांच्या नायकाचं काय करायचं?

प्रश्न असा आलाय: "मी मराठीत फँटसी-प्रेमकथा लिहितेय, भागाभागाने. नायक विराज हा शापित यक्ष, वय पाचशे वर्षं. नायिका मैथिली पोथ्यांच्या नकला करते. पहिली तीन प्रकरणं तिघांना वाचायला दिली. एक मैत्रीण म्हणाली, हा टॉक्सिक आहे. दुसरी म्हणाली, अजून डेंजरस कर. भाऊ म्हणाला, असे पुरुष असतात तरी का? बायकांसाठीच्या फँटसीत नायक असेच का रंगवतात, आणि मी माझा कसा लिहू?" सोबत तिसरं प्रकरण पाठवलंत, तेही वाचलं.

आधी भावाचं निकालात काढू. एकटा हिरो चाळीस गुंडांना लोळवतो तो सिनेमा बघताना त्याने हा प्रश्न विचारला होता का? नसेल. मग इथेच का विचारावासा वाटला, हे त्याचं त्याने बघावं. वाचणारीला विराज खरा नाही हे चांगलं माहीत असतं. तो खरा नाही म्हणून तर त्याच्याकडून काय हवंय याचा निवांत विचार करता येतो. खऱ्या माणसाबाबत तेवढी सवड कुणाला असते? जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी एका गावातल्या पुस्तकाच्या दुकानात नेमाने प्रेमकथा घेणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ साली एक पुस्तक लिहिलं. त्या बायका घर, नवरा, मुलं सगळ्यांचं बघणाऱ्या होत्या. पुस्तक उघडलं की तेवढा वेळ आपला, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. नायक कसा हवा, तर बळकट, पण मायेने वागणारा. दिवसभर ज्या दुसऱ्यांचं दुखलं-खुपलं बघतात, त्यांना गोष्टीत तरी आपलं कुणी बघावं असं वाटतं. त्या वाचत होत्या त्या फँटसी नव्हत्या, साध्या प्रेमकथा होत्या. पण पंख आणि शाप बाजूला केले तर मामला तोच आहे.

माझं मत सांगते. या प्रकारातल्या नायकाची ताकद, तलवार, काळा अंगरखा, डोळ्यांतली आग हा सगळा वरचा साज. वाचक येते ती लक्षासाठी. कुणीतरी आपल्याकडे नीट, पूर्ण, घाई न करता बघतंय, यासाठी. ताकद लागते ती या लक्षाला किंमत यावी म्हणून. ज्याला जगात दुसरं काही करण्यासारखं नाही त्याने तुमच्याकडे बघितलं तर त्यात विशेष काय? पण ज्याच्या एका इशाऱ्यावर गड पडतात, ज्याला कुणाची फिकीर करायची गरज नाही, त्याच्या लक्षात राहतं की तुम्हाला ताकात मीठ चालत नाही. इथे गंमत सुरू होते.

हे काल-परवाचं नाही. मादाम द व्हिलनव यांनी १७४० मध्ये फ्रेंचमध्ये राक्षस आणि सुंदरीची ('ब्यूटी अँड द बीस्ट'ची) लांबलचक गोष्ट लिहिली. १७५६ मध्ये लप्रँस द बोमाँ यांनी ती आटोपशीर करून मुलींसाठी पुन्हा सांगितली, आणि आज जगभर माहीत आहे ती ही दुसरी. लंडनमध्ये मुलींना शिकवण्याचं काम करणारी ही बाई. घरचे ठरवतील त्या, बहुधा वयाने बऱ्याच मोठ्या माणसाशी लग्न, हे तिच्या वाचक मुलींपुढचं वास्तव होतं. तिच्या गोष्टीत सुंदरी घाबरत घाबरत वाड्यात येते, तर एका दारावर तिच्याच नावाची पाटी. आत पुस्तकांनी भरलेली मोठी खोली, वाजवायला वाद्य, गाण्यांच्या वह्या. म्हणजे हिला काय आवडतं याचा विचार कुणीतरी आधीच केलाय. मग रोज रात्री जेवणाच्या वेळी राक्षस येतो आणि विचारतो, माझ्याशी लग्न करशील? ती नाही म्हणते. तो उसासा टाकून निघून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो, पुन्हा नकार, पुन्हा जातो. ज्याला दात आणि नखं आहेत, जो तिला एका घासात संपवू शकतो, तो नकार ऐकून दार ओढून घेतो. पुढच्या अडीचशे वर्षांतल्या अशा सगळ्या नायकांचा पाया या जेवणाच्या टेबलावर घातला गेला असं मला वाटतं. तरी ती त्याच्या वाड्यात अडकलेली आहेच, हेही विसरायचं नाही. ही अडचण तेव्हापासून आजपर्यंत कुणाला पुरती सुटलेली नाही.

आता पाचशे वर्षांकडे येऊ, कारण विराज काही एकटा नाही. हे वय या प्रकारात जवळजवळ सरकारी आहे. त्याचे फायदे लिहिणारीला आयते मिळतात. आईबाप कधीच वारलेले, म्हणजे सासू नाही, नणंद नाही, दिवाळीला कुणाकडे जायचं हा वाद नाही. नोकरी नाही, घराचा हप्ता नाही. आणि इतकी वर्षं कुणात मन रमलं नाही ते हिच्यात रमलं, हा मान वेगळाच. पण बहुतेक हस्तलिखितांत हे वय नुसतं सांगितलेलं असतं. पाचशे वर्षं जगलेला माणूस पंचविशीतल्या रुसलेल्या पोरासारखा दारं आपटतो. तुमचा विराजही दुसऱ्या प्रकरणात आपटतो. पाचशे वर्षांत त्याने किती दुष्काळ बघितले? किती भाषा विसरला? ज्या गावाची राखण केली ते गाव उठून गेलं का? त्याच्या तोंडी एखादा शब्द असा येतो का, जो मैथिलीने फक्त जुन्या पोथीत वाचलाय? ती पोथ्या नकलते, म्हणजे हे तुमच्या हाताशी आहे आणि तुम्ही वापरलेलं नाही. वय वापरायचं नसेल तर त्याला तीस वर्षांचा करा, काही बिघडत नाही.

टॉक्सिक की डेंजरस, या वादात तुमच्या दोन्ही मैत्रिणी बरोबर आहेत. त्या एकाच पानाबद्दल बोलत नाहीयेत एवढंच.

यासाठी सेरा जे. मास यांच्या फँटसी-कादंबऱ्यांच्या मालिकेचं उदाहरण घेते, कारण ती तुम्ही वाचलेली दिसते. (विराजचे पंख लपवण्याचे प्रकार ओळखीचे वाटले.) 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ मध्ये आली, ती राक्षस-सुंदरीचीच नवी मांडणी. त्यात नायक टॅमलिन. सुंदर, बळकट, नायिका फेअरासाठी झुरणारा. २०१६ च्या दुसऱ्या भागात लेखिकेने धाडस केलं: मागच्या भागाचा नायक खाली उतरवला. त्यासाठी टॅमलिनला एका रात्रीत दुष्ट केलं नाही. तो आधीसारखाच तिची काळजी घेतो, फक्त ती काळजी थांबतच नाही. बाहेर धोका आहे म्हणून तो जादूने घराला बांध घालतो आणि फेअरा आत कोंडली जाते. ती रोज रात्री उठून ओकते, वाळत चाललीय, आणि ते दिसूनही तो काही करत नाही. इतकी राखण, पण लक्ष शून्य. मग येतो ऱ्हायसँड, पाचशेच्या वरचा, सगळ्यांनी ज्याला क्रूर म्हणून ओळखलेलं. तो काय करतो? तिला धड वाचता येत नाही हे त्याने हेरलेलं असतं. तो तिला लिहा-वाचायला बसवतो, आणि गिरवायला वाक्यं देतो ती स्वतःच्याच कौतुकाची. ती चिडते, चिडून लिहिते, लिहिता लिहिता शिकते. पंख, तारे, काळोख यांच्यावर खूप लिहिलं गेलंय, पण त्या पात्राचं खरं काम त्या गिरवायच्या वाक्यांनी केलंय असं माझं म्हणणं.

आणि तिथेच या प्रकाराचा डावही दिसतो. पहिल्या भागात याच ऱ्हायसँडने तिला मद्य पाजून, शुद्ध हरपलेली असताना दरबारात नाचवलंय. दुसऱ्या भागात कळतं की तो मुखवटा होता, तिला वाचवण्यासाठीच होतं सगळं. मागाहून दिलेली ही माफी या लेखनात जागोजागी सापडते. नायक आधी वाट्टेल ते करतो आणि दोनशे पानांनी एक कारण येऊन ते सगळं धुऊन टाकतं. वाचक तेवढ्यापुरती मानते, पण पुरती विसरत नाही. २०२१ च्या भागात फेअरा गरोदर असते आणि बाळंतपणात तिच्या जिवाला धोका आहे हे ऱ्हायसँड तिच्यापासून लपवतो. तिला त्रास नको म्हणून! वाचकांची भांडणं अजून चालू आहेत त्यावर. भडकल्या त्यातल्या कितीतरी जणी त्याच्या कट्टर चाहत्या. हेच तर टॅमलिनने केलं होतं. नायकाला तिच्याबद्दल तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे आणि ते तो सांगत नाही, त्या क्षणी लक्षाची पाळत होते.

म्हणून मी हस्तलिखित वाचताना दोन-तीन गोष्टी बघते. ती नाही म्हणाली तर पुढच्या पानावर काय होतं? नकारामुळे कथेला वळण लागलं तर ठीक, नायकाने हसून तो उडवून लावला तर घोटाळा. दाराची किल्ली कुणाकडे असते? आणि त्याने तिच्याबद्दल टिपलेली गोष्ट कुणाच्या कामी येते, तिच्या की त्याच्या? तो तिच्या मागावर राहून ती कुठे जाते हे बघतो, तेव्हा ती माहिती त्याच्या कामाची. तिला जिना चढताना धाप लागते हे बघून तो काही न बोलता सावकाश चढतो, तेव्हा तिच्या.

तुमचं तिसरं प्रकरण घेऊ. जत्रेत एक व्यापारी मैथिलीशी हसून बोलतो. विराज गर्दी फोडत येतो, तिचं मनगट धरून तिला देवळामागे ओढत नेतो आणि म्हणतो, "तू माझी आहेस. फक्त माझी." वीज चमकते. (वीज काढा.) वाईट लिहिलंय असं नाही, पण यात विराज मैथिलीकडे बघतच नाहीये. तो व्यापाऱ्याकडे बघतोय. सबंध प्रसंग दोन पुरुषांमधला आहे आणि मैथिलीचं मनगट हे त्यांच्यातलं सामान. शिवाय तुम्ही लिहिलंत की ती मनातून सुखावली. का सुखावली, ते नाही लिहिलं. लिहून बघा, जमणार नाही, आणि का जमत नाही ते कळलं की प्रसंग आपोआप बदलेल.

याच प्रकरणात चार पानं मागे तुम्ही जाता जाता एक सोनं टाकून ठेवलंय: मैथिली डावखुरी आहे. भांडारात ती नकला करायला बसते तेव्हा दौत उजवीकडे असते, दर वेळी हात आडवा जाऊन शाई फरफटते, मुख्य लेखनिक ओरडतो. हे विराज बघतो का? तुम्ही त्याला तेव्हा खांबाआड उभं केलंय आणि त्याची नजर तिच्या मानेवर ठेवलीय. ती नजर दौतीवर न्या. मी असं काहीतरी लिहिलं असतं:

"दुसऱ्या दिवशी मैथिली बसली तेव्हा दौत डावीकडे होती. तिने इकडेतिकडे पाहिलं. खांबापाशी कुणी नव्हतं. ती दौत पुन्हा उजवीकडे ठेवायला गेली, थबकली, आणि तशीच राहू दिली. दुपारपर्यंत सतरा पानं झाली, एकावरही डाग नाही."

यात त्याने काही मागितलं नाही, तिला हात लावला नाही, समोरसुद्धा आला नाही. आणि दौत राहू द्यायची की नाही हे तिने ठरवलं. आता जत्रेतला प्रसंग याच्यानंतर येऊ द्या. व्यापारी बोलतोय, विराजला जळजळ होतेय, आणि तो जागचा हलत नाही, कारण हलायचा हक्क आपल्याला नाही हे त्याला कळतंय. जो हात गड पाडू शकतो तो पाठीमागे बांधून उभा आहे. दुसऱ्या मैत्रिणीला हवा असलेला डेंजर इथे मिळेल. धोका म्हणजे आदळआपट नव्हे. हा काय करू शकतो हे वाचकाला माहीत असतं आणि तो ते करत नसतो, तेव्हा छाती धडधडते.

हल्लीच्या गाजलेल्यांत रिबेका यारोस यांच्या २०२३ च्या 'फोर्थ विंग'मध्ये हे चांगलं साधलंय. नायिका व्हायलेटचं शरीर नाजूक, सांधे पटकन निखळतात, आणि ती ड्रॅगनवर बसणाऱ्यांच्या जीवघेण्या शाळेत. नायक झेडन: काळे केस, व्रण, बापाला देहदंड झालेला, सगळं यादीप्रमाणे. पण तो तिच्यासाठी तिच्या हाताला पेलतील असे हलके खंजीर करवून घेतो, ड्रॅगनवर टिकून बसता यावं म्हणून खोगिराची सोय करतो. तिच्या वतीने लढायला तो दर वेळी धावत नाही, तिला लढता येईल अशी तजवीज करतो. त्या पुस्तकात मला न पटणारं पुष्कळ आहे, भाषेपासून सुरुवात. पण खंजिरांपाशी लाखो वाचक का विरघळल्या हे मला कळतं. 'तुला कुणी हात लावला तर त्याचे हात तोडीन' हे वाक्य आपल्याकडच्या मालिका-कादंबऱ्यांत स्वस्त झालंय. तिच्या मापाचं हत्यार करवून आणायला तिचं माप माहीत असावं लागतं.

सगळे नायक असेच काळेकुट्ट हवेत असंही नाही, हे मुद्दाम सांगते, कारण नव्या लेखिका बाजारात जे समोर दिसतं तेवढंच खरं मानतात. डायना विन जोन्स यांच्या १९८६ च्या 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'मधला जादूगार हाउल हा माझा लाडका. पुस्तक मुलांसाठीचं, पण त्याच्यावर जीव टाकणाऱ्या चाळिशीतल्या बायका मी बघितल्यात, एक आरशात दिसते. हाउल नटवा, भित्रा, जबाबदारी आली की पळणारा. तासन् तास न्हाणीघर अडवून बसतो. नायिका सोफी साफसफाई करताना त्याच्या बाटल्यांची जागा बदलते, केसांचा रंग चुकतो, आणि हा माणूस इतका आकांत करतो की अंगातून हिरवा बुळबुळीत चिखल पाझरून फरशीवर पसरतो. ही शापाने म्हातारी झालेली सोफी शेवटी त्याला ओढून न्हाणीत नेते. यात कुठे आलाय तो काळोखाचा स्वामी? आणि तरी मूळ गोष्ट तीच आहे. तिच्यावर शाप आहे हे त्याने केव्हाच ओळखलेलं असतं आणि तिला न सांगता तो उतरवायचा प्रयत्नही केलेला असतो. लक्ष होतंच, नखऱ्यांच्या आड लपवलेलं. टी. किंगफिशर यांच्या २०२० च्या 'पॅलेडिन्स ग्रेस'मधला स्टीफन तर मोजे विणतो. त्याचा देव मेलाय, अंगात वेड संचारलं तर आपण माणसं कापत सुटू ही त्याची धास्ती, आणि पहाऱ्यावर बसून हा सुया चालवतोय. स्वतःच्या ताकदीची भीती वाटणारा नायक हे विराजलाही शोभेल.

आता जरा आपल्या घरात बघू. तुम्ही पत्रात 'बंध' या कल्पनेबद्दल विचारलंय, म्हणजे नियतीनेच जोडी ठरवलेली, खूण पटली की दोघांचा इलाज नाही. बाहेरच्या फँटसीत हे फार चालतं. आपल्याला त्यात नवल नाही, आपल्याकडे पत्रिका बघून रोज तेच चालतं. माझ्या मते लिहिणारीने या सोयीपासून लांब राहावं, कारण बंध आला की निवड जाते, आणि निवड गेली की नायकाला काही सिद्ध करावं लागत नाही.

याउलट महाभारताच्या वनपर्वातलं दमयंतीचं स्वयंवर काढून वाचा. मंडपात पाच नळ. इंद्र, अग्नी, वरुण, यम हे चौघे नळाचं रूप घेऊन बसलेत आणि पाचवा खरा. दमयंतीला ओळखू येईना. ती देवांनाच शरण जाते, माझं मन नळावर आहे हे खरं असेल तर तुमची खरी रूपं दाखवा म्हणते. मग तिला दिसतं: चौघांना घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातल्या माळा ताज्या, अंगावर धुळीचा कण नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याची सावली पडलीय, माळ कोमेजलीय, तो घामेजलाय, धुळीने भरलाय, पापण्या लवताहेत. ती त्या घामेजलेल्याच्या गळ्यात माळ घालते. अमर, तेजस्वी, सर्वशक्तिमान असे चार जण समोर असताना! आजच्या बाजारातली नायिका बहुधा यमाकडे गेली असती. सावळा वर्ण, गंभीर चेहरा, वय विचारूच नका.

गोष्ट पुढे आणखी धीट आहे. नळ जुगारात राज्य हरतो, आणि अरण्यात झोपलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र कापून घेऊन तिला टाकून जातो. कली शिरला होता, हे कारण कवी देतो. पण दमयंती नुसत्या कारणावर सोडत नाही. ती त्याला हुडकून काढते, दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून दूरच्या राजाचा सारथी होऊन राहिलेल्या नळाला आपल्या दारात आणवते, दासीला पाठवून त्याची परीक्षा घेते, त्याने रांधलेलं चाखून बघते, त्याच्यापुढे मुलांना पाठवते. मग समोर उभं करून विचारते, झोपलेल्या बायकोला रानात टाकणारा माणूस तू पाहिलास का? नायकाचा दोष कथेने झाकलेला नाही, त्याला जाब द्यावा लागलाय, तोही तिच्यासमोर. मघाशी म्हटलं त्या मागाहून आलेल्या माफीशी हे ताडून बघा. विराजचा शाप कशामुळे आहे ते तुम्ही अजून लिहिलेलं नाही. त्याचा तो खरोखरचा गुन्हा असू द्या, गैरसमज नको. आणि तो मैथिलीला कळेल तेव्हा तिला दोन प्रकरणं रागावू द्या.

नायिका पानावर नसते तेव्हा नायक काय करतो, हाही मोठा प्रश्न. बहुतेक हस्तलिखितांत तो तिचा विचार करतो. एवढंच. खिडकीत उभा राहतो, चंद्र बघतो. त्याला काम द्या. यक्ष म्हटला की तो कशाचा तरी राखणदार, मग राखण म्हणजे रोज नक्की काय करायचं? आपल्याकडे कोकणात, गोव्यात याचं भांडार पडलंय. गावाची शीव रात्री फिरून राखणारा देवचार, त्याच्या काठीचा आवाज ऐकल्याचं सांगणारी माणसं. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात, आणि देव रात्री गावात फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. लोकांच्या देवाला तुमच्या प्रेमकथेत ओढा असं अजिबात सुचवत नाही, ते करू नका. पण राखणदाराचे तळवे झिजलेले असतात, ही कल्पना बघा केवढी जिवंत आहे. बाहेरून आणलेला ड्रॅगन-राजपुत्र सिंहासनावर रेलून बसलेला असतो. आपला रात्रभर चालत असतो. त्याला झोप येत असेल, पाय दुखत असतील, शिवेवरच्या कुत्र्यांशी ओळख असेल. आणि मैथिलीला भेटायला थांबला तर तेवढी शीव उघडी पडेल. बघा, प्रेमाला लगेच किंमत आली.

भाषेचं एक. इंग्रजीत लिहिणारीला जी सोय नाही ती तुम्हाला आहे: अहो-जाहो. तुमच्या मसुद्यात पहिल्या भेटीपासून दोघं एकमेकांना 'तू' म्हणतात. पाचशे वर्षांच्या यक्षाला एक लेखनिक मुलगी भर भांडारात 'तू' म्हणेल? तिला 'आपण' म्हणू द्या, मग रागाच्या भरात एकदाच 'तू' निसटू द्या, आणि तो ते ऐकून गप्प राहू दे. पुढच्या तीस पानांत ती पुन्हा 'आपण' म्हणत राहिली तरी वाचक त्या एका 'तू'ची वाट बघत बसेल. आणि त्याने तिला अहो म्हटलं तर? करून बघा.

शरीराबद्दल थोडंच बोलते, कारण तुमचं ते बरं जमलंय. या प्रकारात बघणारी ती असते आणि बघितला जाणारा तो. कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या, ओले केस, हे सगळं तिच्या नजरेतून. जखम बांधण्याचा प्रसंग प्रत्येक पुस्तकात येतो तो उगाच नाही. एवढ्या मोठ्या माणसाला हात लावायला, त्याला निमूट बसवायला तेवढीच एक रीतसर संधी. तुम्हीही तो घातलाय. फक्त जखम एका रात्रीत बरी करू नका. यक्ष असला तरी आठ दिवस लंगडू द्या. आणि वाचकांचं वय आधी ठरवा. मास यांची ती मालिका सुरुवातीला किशोरवयीन वाचकांच्या कप्प्यात विकली गेली, पुढे प्रौढांच्या कप्प्यात हलवावी लागली. अॅपवर भाग टाकताना वयाची सूचना पहिल्या भागापासून द्या, आठव्या भागाला आठवण आल्यावर नको.

शेवटी तुम्ही विचारलंय की काही प्रकरणं विराजच्या नजरेतून लिहू का. वाचक मागतातच. 'फोर्थ विंग'चं शेवटचं प्रकरणही अचानक झेडनच्या तोंडून येतं. मी म्हणेन, लिहा, पण आत्ता छापू नका. जत्रेचा प्रसंग त्याच्या नजरेतून तुमच्यासाठी लिहून काढा. त्याला व्यापाऱ्याचं नाव माहीत आहे का, तो किती वेळ उभा होता, शीव किती वेळ उघडी राहिली, हे सगळं त्यात येऊ द्या. मग ती पानं बाजूला ठेवून तोच प्रसंग मैथिलीच्या नजरेतून पुन्हा लिहा. त्याच्या मनातलं तिला दिसणार नाही, फक्त त्याचे मागे बांधलेले हात दिसतील. भागांच्या लेखनात नायकाचं मन फार लवकर उघडं केलं की दहाव्या भागानंतर वाचकाला शोधायला काही उरत नाही, आणि मग लेखिका गैरसमज, अपघात, स्मृतिभ्रंश असलं काहीतरी आणत बसते. विराजच्या नजरेतलं पहिलं प्रकरण, द्यायचंच झालं तर, शापाचं कारण मैथिलीला कळल्यानंतर द्या. नवं तिसरं प्रकरण झालं की पाठवा. दौतीचं माझं वाक्य जसंच्या तसं उचलू नका, तुमचं तुम्ही लिहा.